शाळा, लस आणि सूट

श्रोतेहो, माझ्या डाव्या हातावर देवी काढल्याचे दोन वण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या हातांवर ते असतील. आपल्या नातवंडांच्या हातांवर मात्र ते दिसणार नाहींत. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, १९८० च्या मे महिन्यांत हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य परिषदेनें जाहीर केलें, आणि वण उठविणाऱ्या त्या लशीचें कामच संपलें. रोग गेला तो चांगलेंच झालें. परंतु रोगाबरोबर रोगाची आठवणहि जाते. आठवण गेली म्हणजे रोगापेक्षां सुईच मोठी वाटूं लागते. आज मी ज्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें तो ह्या विस्मरणांतूनच वारंवार डोकें वर काढतो.

प्रश्न असा आहे. शाळेंत मूल घालावयाचें तर त्याला अमुक लशी टोंचलेल्या असल्या पाहिजेत, असा नियम जेथें आहे तेथें त्यांतून सूट कोणाला द्यावी? प्रकृतीच्या कारणावरून द्यावी काय? धर्माच्या कारणावरून द्यावी काय? अमेरिकेंतील संस्थानांत ह्या प्रश्नाचा जितका बारीक कीस काढला गेला आहे तितका क्वचितच दुसरीकडे काढला गेला असेल. कारण शाळेचें दार आणि लशीचा दाखला यांची सांगड तेथें मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८५५ सालींच घातली. म्हणून माझीं बरींचशीं उदाहरणें तिकडचीं आहेत. आपल्याशीं जेथें त्यांचा संबंध येतो तेथें तो सांगेनच.

परंतु कायद्याकडे वळण्यापूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाची हकीकत सांगतों. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि त्यावर औषधोपचार चालू होते. मधून मधून त्याची प्रकृति बरी असे तेव्हां तो शाळेंत येई. एके दिवशीं त्याची आई मला भेटावयास आली आणि म्हणाली, "गुरुजी, वर्गांत कोणाला गोवर किंवा कांजिण्या आल्याचें कळलें, तर आम्हांला लगेच निरोप पाठवाल का?" मीं होकार दिला, परंतु खरें सांगावयाचें तर त्या वेळीं मला वाटलें कीं, दुखण्यानें गांजलेली माउली जरा अधिकच भिते आहे. पुढें एका डॉक्टर स्नेह्यानें मला समजावून सांगितलें तेव्हां माझी चूक माझ्या ध्यानीं आली. त्या औषधांनीं मुलाच्या शरीराची प्रतिकारशक्ति जवळजवळ नाहींशी केली होती. इतर मुलांना आठवडाभर तापवून सोडणारा गोवर त्याच्या जिवावर बेतला असता. आणि गोवराची लस टोंचून घेण्याचा मार्गहि त्याला बंद होता. कारण त्या लशींत रोगाचे जिवंत, परंतु दुबळे केलेले विषाणु असतात. निरोगी मुलाचें शरीर त्यांच्याशीं लुटुपुटीची लढाई खेळून शहाणें होतें. ह्या मुलाच्या शरीराला ती लुटुपुटीची लढाईहि झेपली नसती.

प्रकृतीच्या कारणावरून दिलेली सूट ती हीच. ज्याची प्रतिकारशक्ति जन्मतःच पंगु आहे, जो कर्करोगावरचीं तीव्र औषधें घेत आहे, ज्याला पूर्वीच्या मात्रेनंतर किंवा लशींतील एखाद्या घटकानें प्राणावर बेतणारी विपरीत प्रतिक्रिया झाली आहे, अशांना ती ती लस देऊं नये असें वैद्यकशास्त्र स्वतःच सांगतें. कित्येकांच्या बाबतींत ही मनाई तात्पुरती असते. उपचार संपून शरीर सावरलें म्हणजे लस देतां येते. उलट साधें पडसें, बारीक ताप, किंवा कुटुंबांत कोणाला तरी कधीं तरी लशीनंतर ताप आला होता ही गोष्ट, हीं सूट मिळविण्याचीं कारणें नव्हत. म्हणजे ही यादी लहान आहे, आणि ती तशी लहान आहे म्हणूनच तिला किंमत आहे.

आतां आपण थोडें गणित करूं. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनीं भिऊं नये. चौथीच्या मुलाला येईल इतकेंच तें आहे. भोंवतालीं कोणालाच प्रतिकारशक्ति नसेल, तर गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. आपण मध्यम आंकडा पंधरा धरूं. साथ पसरूं नये असें वाटत असेल, तर ह्या पंधरांपैकीं चौदा जण तरी अगोदरच सुरक्षित असले पाहिजेत. म्हणजे एका रोग्यामागें फार तर एकच नवा रोगी होईल आणि साथ वाढणार नाहीं. पंधरांत चौदा म्हणजे शेंकडा ९३ हून कांहीं अधिक. म्हणूनच आरोग्यखातीं शेंकडा ९५ हें लक्ष्य धरतात.

पांचशें मुलांच्या शाळेंत ह्या हिशेबानें सुमारें तीस मुलें असुरक्षित राहिलीं तरी निभावेल. परंतु लसहि अगदीं अचूक नाहीं. गोवराच्या दोन मात्रा घेतलेल्या शंभरांपैकीं सुमारें तिघांच्या अंगीं तिचा गुण लागत नाहीं. म्हणजे पांचशेंच्या पांचशें मुलांनीं लस घेतली तरी पंधरा मुलें नकळत उघडींच राहणार. तीसांतून पंधरा गेलीं. उरल्या जागा पंधरा. ह्या पंधरा जागा कोणाच्या, एवढाच सगळ्या वादाचा मथितार्थ आहे. त्यांवर पहिला हक्क, ज्यांना लस घेणें शक्यच नाहीं अशा मुलांचा आहे, याविषयीं दुमत होणार नाहीं. उरलेल्या जागा ज्यांना लस घेतां येते, पण घ्यावयाची नाहीं, अशांना द्याव्या काय? आणि त्या संपल्यावरहि कोणी मागूं लागला तर काय करावें?

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. सूट मागणारीं घरें संस्थानभर सारखीं विखुरलेलीं नसतात. एका पंथाचे लोक एका वस्तींत राहतात, एका प्रार्थनामंदिरांत जातात आणि मुलें एकाच शाळेंत घालतात. म्हणून राज्याची सरासरी शेंकडा ९५ असूनहि एखाद्या शाळेंत ती ८० च्या खालीं असूं शकते. आणि विषाणु सरासरी पाहत नाहीं, वर्ग पाहतो.

आतां धर्माच्या सवलतीचा इतिहास पाहूं. तिचें मूळ इंग्लंडांत आहे. डॉक्टर जेन्नर यांनीं १७९६ सालीं गाईच्या देवीचा प्रयोग केला. ती लस एका हातावरून दुसऱ्या हातावर अशी प्रवास करीत १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईस पोंचली आणि तेथें तीन वर्षांच्या एका मुलीला प्रथम टोंचली गेली. इंग्लंडांत १८५३ च्या कायद्यानें तान्ह्या मुलांना देवी काढणें सक्तीचें झालें. मुंबई शहरांत तशी सक्ति १८७७ च्या कायद्यानें आली. इंग्लंडांतील गरीब वस्त्यांतून दंड आणि जप्त्या सुरू झाल्या. विरोध वाढत गेला आणि १८८५ सालीं लेस्टर शहरांत हजारों लोकांनीं मोठा मोर्चा काढला. ह्या विरोधकांचें सगळेंच म्हणणें खुळेपणाचें होतें असें समजूं नये. एका मुलाच्या हातावरील लस काढून दुसऱ्याला टोंचण्याच्या रीतींत क्वचित् उपदंशासारखे रोगहि एकाचे दुसऱ्याला जात. राजमंडळाच्या दीर्घ चौकशीनंतर १८९८ सालीं कायदा बदलला. हातावरून हातावर टोंचण्याची रीत बंद झाली, आणि ज्या बापाची सदसद्विवेकबुद्धि लशीला खरोखर विरोध करते त्यानें न्यायाधीशांची तशी खात्री पटवून दिली तर त्याला सूट मिळावी असें ठरलें. पुढें महायुद्धांत शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांना जें इंग्रजी नांव मिळालें, तें ह्या देवीच्या कायद्यामुळेंच प्रथम लोकांच्या तोंडीं बसलें होतें. १९०७ सालीं ही सवलत आणखी सोपी झाली. नुसत्या प्रतिज्ञालेखावर ती मिळूं लागली. १९४८ सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हां सक्तीच उठली.

ह्या विरोधाचा एक प्रतिध्वनि आपल्याकडेहि ऐकूं येतो. महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना १९१३ सालीं आरोग्यावर जी लेखमाला लिहिली तींत देवीच्या लशीला त्यांचा कडवा विरोध आहे. निष्पाप प्राण्याच्या शरीरांतून काढलेलें द्रव्य आपल्या शरीरांत घेणें त्यांना धर्मबाह्य वाटे. वैद्यकाच्या दृष्टीनें त्यांचें हें मत टिकलें नाहीं. परंतु त्यांच्या विचारांतला एक भाग आजहि विचारांत घेण्यासारखा आहे. सदसद्विवेकबुद्धीनें लस नाकारणाऱ्यानें कायद्याची शिक्षा आणि लोकांचा रोष सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे, असें ते सांगत. म्हणजे विवेकाच्या नकाराची किंमत नकार देणाऱ्यानें स्वतः मोजावयाची असते. मुलांच्या लशीच्या बाबतींत सारी अडचण येथेंच आहे. येथें नकार देतो बाप, आणि किंमत मोजतें मूल. आणि कधीं कधीं शेजारच्या बाकावरचें दुसऱ्याचें मूल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें हा प्रश्न १९०५ सालीं आला. केंब्रिज शहरांत देवीची साथ असतां हेनिंग जेकबसन नांवाच्या धर्मोपदेशकानें लस घेण्यास नकार दिला आणि पांच डॉलरांचा दंड भरण्याचेंहि नाकारलें. न्यायमूर्ति हार्लन यांनीं बहुमताचा निर्णय लिहिला. त्याचा सारांश असा कीं, समाजांत राहणाऱ्याचें स्वातंत्र्य निरपवाद असूं शकत नाहीं. साथीपासून स्वतःचें रक्षण करण्याचा अधिकार समाजाला आहे. मात्र ज्याच्या प्रकृतीला लस घातक होईल असें सिद्ध करतां येईल त्याच्यावर ती लादणें ही क्रूरता होईल, असेंहि त्यांनीं बजावलें. प्रकृतीच्या सवलतीला न्यायाचा पाया मिळाला तो असा. १९२२ सालीं टेक्सासमधील सॅन ॲन्टोनिओ शहरांतील एका मुलीच्या प्रकरणांत, साथ नसतांनाहि शाळा लशीचा दाखला मागूं शकते, असें त्याच न्यायालयानें एकमतानें ठरविलें. आणि १९४४ सालीं, वस्तुतः मुलीनें रस्त्यावर धर्मपत्रिका विकण्याच्या खटल्यांत, त्यानें असें म्हटलें कीं, आईबापांना स्वतः हुतात्मे होण्याची मोकळीक असली, तरी मुलांना हुतात्मे करण्याची मोकळीक त्यांना नाहीं.

मग धर्माची सवलत तेथें आली कोठून? ती न्यायालयांनीं दिली नाहीं, विधिमंडळांनीं दिली. १९६० नंतर पोलिओ आणि गोवर यांच्या लशी शाळांच्या नियमांत आल्या तेव्हां, रोग प्रार्थनेनें बरा करावा असें मानणाऱ्या ख्रिश्चन सायन्स पंथानें आपल्या लोकांसाठीं अपवाद मागितला आणि राज्याराज्यांतून तो मिळविला. न्यूयॉर्कनें तो १९६६ सालीं दिला. अपवाद द्यावयाचा तर 'मान्य धर्मपंथाच्या सभासदांनाच' असे शब्द घातले म्हणजे तो आवाक्यांत राहील, असें कायदा करणाऱ्यांना वाटलें. पण राज्यानें एका पंथाला मान्य आणि दुसऱ्याला अमान्य ठरवावें हेंच तेथील राज्यघटनेला मंजूर नाहीं. १९८७ सालीं न्यूयॉर्कमधील तशी अट न्यायालयानें रद्द केली. आतां अधिकाऱ्यापुढें एकच प्रश्न उरला: अर्जदाराची श्रद्धा खरी आहे कीं नाहीं? ही श्रद्धा कोणत्या मापानें मोजावयाची? शाळेच्या कारकुनाला ताप मोजतां येईल, श्रद्धा कशी मोजतां येणार? परिणामीं पुष्कळ ठिकाणीं अर्जावरची सही हीच श्रद्धा ठरली. मिसिसिपी राज्याच्या न्यायालयानें १९७९ सालीं नेमकें उलट टोंक गांठलें. एका मुलाला बापाच्या धर्मामुळें सूट आणि दुसऱ्याला बापाचा तो धर्म नाहीं म्हणून सूट नाहीं, ही विषमता आहे. शिवाय ज्यांनीं लस घेतली त्यांना शेजारच्या धोक्यापुढें उभें करणें हा त्यांच्यावर अन्याय आहे, असें म्हणून त्यानें धर्माची सवलतच काढून टाकली. तेथें ती परत आली २०२३ सालीं, एका संघीय न्यायाधीशाच्या हुकुमानें. वाद अजून शमलेला नाहीं. वेस्ट व्हर्जिनियांत राज्यपालांनीं २०२५ सालीं काढलेल्या अशाच एका हुकुमावरून न्यायालयांत झगडे झाले.

आपण सुशिक्षित लोक येथें सहज विचारूं, धर्म खरोखर लशीच्या आड येतो काय? शोध घेतला तर मोठ्या धर्मांपैकीं कोणत्याहि धर्माच्या मुख्य परंपरेनें लस निषिद्ध ठरविलेली दिसत नाहीं. रुबेलाची लस १९६० च्या दशकांतील गर्भपातानंतर मिळालेल्या पेशींच्या वंशावर वाढविली जाते, म्हणून कॅथॉलिक लोकांत शंका उत्पन्न झाली. रोमच्या धर्मपीठाच्या जीवनविषयक अकादमीनें २००५ सालीं सांगितलें कीं, पर्यायी लस मागत रहावें. परंतु ती नसेल तेथें मुलांच्या आणि गर्भवतींच्या रक्षणासाठीं आहे ती घेणें योग्य आहे. कांहीं लशींत वापरलेल्या डुकराच्या जिलेटिनविषयीं मुसलमानांत शंका होती. द्रव्याचें पूर्ण रूपांतर झालें म्हणजे त्याचें मूळचें निषिद्धत्व राहत नाहीं, असें १९९५ सालीं इस्लामी वैद्य आणि धर्मपंडित यांच्या परिषदेनें मान्य केलें. यहुदी धर्मांत तर जीव वांचविण्याचें कर्तव्य जवळजवळ सर्व विधिनिषेधांहून वरचें मानलें जातें.

आणि आपल्याकडे? आपल्या भाषेंतच ह्याचें उत्तर आहे. रोग झाला म्हणजे आपले पूर्वज 'देवी आल्या' असें म्हणत. शीतळादेवीची पूजा करीत, नैवेद्य दाखवीत. आणि लस टोंचण्याला त्याच लोकांनीं नांव दिलें 'देवी काढणें'. देवीला नाकारून सुई आली असें आमच्या आजीला कधीं वाटलें नाहीं. तिनें सप्तमीला थंड नैवेद्यहि दाखविला आणि टोंचणारा आला तेव्हां नातवाचा हातहि पुढें केला. श्रद्धेचा मान राखून लस घरांत कशी शिरते याचें याहून सोपें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

तथापि मुख्य परंपरेबाहेर लहान पंथ आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेला खोटी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. फक्त त्या श्रद्धेचे परिणाम तेवढे पहावे. १९८५ सालीं इलिनॉय राज्यांतील प्रिन्सिपिया ह्या ख्रिश्चन सायन्स पंथाच्या महाविद्यालयांत गोवर शिरला आणि तिघे जण मृत्युमुखीं पडले. १९९१ च्या सुमारास फिलाडेल्फिया शहरांत गोवरानें नऊ मुलें दगावलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलें औषध आणि लस दोन्ही वर्ज्य मानणाऱ्या दोन पंथांच्या घरांतलीं होतीं, आणि अखेर न्यायालयाच्या हुकुमानें त्या घरांतील मुलांना लस टोंचावी लागली. २०१८-१९ सालीं न्यूयॉर्क शहरांतील कर्मठ यहुदी वस्तींत गोवराचे सहाशेंहून अधिक रोगी झाले. त्या पंथाचे बहुतेक धर्मगुरु लशीच्या बाजूचे होते. भीति पसरविली होती ती धर्मानें नव्हे, घरोघर वांटलेल्या पत्रकांनीं. १३ जून २०१९ रोजीं न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें धर्माची सवलत रद्द केली. त्या वेळीं राज्यांतील सुमारें २६ हजार विद्यार्थी तिचा लाभ घेत होते. २०२५ सालीं टेक्सासच्या पश्चिम भागांत मेनोनाइट पंथाच्या वस्तीपासून सुरू झालेल्या साथींत ७६२ रोगी झाले आणि लस न घेतलेलीं शाळकरी वयाचीं दोन मुलें दगावलीं. ज्या परगण्यांत ही साथ उठली तेथें बालवर्गांतील शंभरांपैकीं सुमारें अठरा मुलांच्या पालकांनीं सूट घेतलेली होती. पंधरा जागांचें गणित येथें आठवावें. त्या वर्गांत जागा केव्हांच संपल्या होत्या.

एक दार बंद केलें म्हणजे लोक दुसरें ठोठावतात, हा धडा कॅलिफोर्नियानें शिकविला. तेथें धर्माबरोबर 'वैयक्तिक मत' एवढ्याच कारणावरहि सूट मिळे. लशीनें मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो असा बोभाटा १९९८ सालच्या एका लेखानें केला होता. तो लेख २०१० सालीं त्या नियतकालिकानें मागें घेतला, पण भीति मागें घेतां आली नाहीं. २०१४ च्या डिसेंबरांत एका प्रसिद्ध क्रीडाउद्यानांतून गोवराची साथ फैलावली आणि २०१५ सालीं राज्यानें मतावरची सूट रद्द केली. लगेच प्रकृतीच्या कारणाचे दाखले वाढूं लागले आणि थोड्याच वर्षांत ते तिपटीहून अधिक झाले. मुलें एकाएकीं आजारी पडलीं होतीं असें नव्हे. पैसे घेऊन दाखला लिहून देणारे कांहीं डॉक्टर निघाले. तेव्हां २०१९ सालीं दुसरा कायदा करून, वर्षांत पांच किंवा त्यांहून अधिक दाखले देणाऱ्या डॉक्टरांचे दाखले राज्यानें तपासावे, असें ठरवावें लागलें. खोटा दाखला हा फक्त सरकारला फसवीत नाहीं. माझ्या वर्गांतील त्या मुलासाठीं राखलेली जागा तो बळकावतो.

म्हणजे 'सूट' हा शब्द एक असला तरी वस्तु दोन आहेत. प्रकृतीची सूट घेणारें मूल इतरांच्या छत्रीखालीं उभें राहतें, कारण त्याला स्वतःची छत्री धरतां येत नाहीं. दुसरी सूट घेणारा छत्री धरूं शकतो, पण धरीत नाहीं. आणि असे लोक वाढले म्हणजे छत्रीच फाटते व पहिला भिजतो. पहिली सूट सुरक्षित रहावी म्हणून दुसरी अरुंद ठेवावी लागते, हें मला ह्या सगळ्या इतिहासाचें तात्पर्य दिसतें.

परंतु न्यायाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, आणि शिक्षकाच्या नात्यानें ती मला विशेष टोंचते. लस नाहीं म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवलें तर शिक्षा कोणाला झाली? बापाच्या मताची शिक्षा मुलाच्या शिक्षणाला. शिवाय नुसत्या दंडानें आणि जप्तीनें विरोध मावळत नाहीं, तो संघटित होतो, हें लेस्टरनें दाखविलें आहे. म्हणून कित्येक विचारी लोक मधला मार्ग सुचवितात. धर्माची किंवा मताची सूट सर्वस्वीं बंद न करतां ती सहज मिळेल अशी मात्र ठेवूं नये. दर वर्षीं नवा अर्ज असावा, डॉक्टरांशीं बोलणें बंधनकारक असावें, आणि साथ येतांच त्या मुलानें रोगाची मुदत टळेपर्यंत घरीं रहावें. ह्या सूचनेला अनुभवाचा आधार आहे. अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, सूट मिळविणें जेथें सोपें होतें त्या राज्यांत डांग्या खोकल्याचें प्रमाणहि अधिक होतें. नुसता कंटाळा करून सही करणारे आणि खरी श्रद्धा बाळगणारे, ह्या दोघांना वेगळें काढण्यास थोडी खटपट पुरते. खरी श्रद्धा खटपटीला भीत नाहीं.

आपल्या देशांत मात्र जोर सक्तीपेक्षां संमतीवर आहे. २०१९ च्या जानेवारींत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें, शाळांतून गोवर-रुबेलाची लस टोंचतांना पालकांची स्पष्ट संमति घेतली पाहिजे आणि त्यांना लशीची, तिच्या दुष्परिणामांचीहि, माहिती दिली पाहिजे, असा निर्णय दिला. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें करोनाच्या लशीसंबंधीं सांगितलें कीं, कोणालाहि लस घेण्यास भाग पाडतां येणार नाहीं. मात्र समाजाच्या हितासाठीं वाजवी बंधनें सरकार घालूं शकतें. हा निर्णय आणि १९०५ सालचा अमेरिकेंतील निर्णय यांत शब्द वेगळे असले तरी तोल सांभाळण्याची धडपड एकच आहे. परंतु जेथें सक्ति नाहीं तेथें घराघरांतील समज हाच कायदा असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीच्या दाट वस्तींत, तसेंच भिवंडी आणि मालेगांव येथें गोवराची साथ उसळली आणि मुलें दगावलीं. करोनाच्या काळांत चुकलेल्या मात्रा हें तिचें एक मोठें कारण होतें. चुकलेली मात्रा आणि नाकारलेली मात्रा यांतला फरक विषाणूला कळत नाहीं.

शेवटीं पुन्हां त्या मुलाच्या आईकडे येतों. तिनें माझ्यापाशीं निरोप मागितला होता. आज मला कळतें कीं, मीं कितीहि तत्परता दाखविली असती तरी तो निरोप उशिरांच पोंचला असता. गोवराचा रोगी अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासून रोग पसरवीत असतो, आणि तो खोलींतून निघून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत तेथील हवेंत विषाणु राहूं शकतो. वर्गांत गोवर आहे हें शिक्षकाला कळतें, त्याच्या आधींच तो बाकाबाकावरून फिरून गेलेला असतो. त्या मुलाला निरोपानें वांचवितां आलें नसतें. त्याला वांचवीत होतीं तीं त्याच्या भोंवतीं बसलेलीं, लस घेतलेलीं चाळीस-पन्नास मुलें. त्यांच्यापैकीं एकालाहि आपण हें काम करीत आहों याची कल्पना नव्हती. तो मुलगा पुढें बरा झाला, मोठा झाला आणि नोकरीस लागला.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या नातवंडाच्या लशीचें पत्रक कपाटांतून काढून एकवार पहा. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. दोन्हींपुढें तारीख आहे काय? नसेल, आणि मुलाला कांहीं गंभीर दुखणें असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन योग्य ती सूट निःशंकपणें घ्या. ती तुमच्या मुलाचा हक्क आहे. आणि तसें कांहीं दुखणें नसेल, तर राहिलेली मात्रा ह्याच आठवड्यांत देवून घ्या. तुमच्या मुलाच्या शेजारच्या बाकावर कोण बसतें, हें तुम्हांला ठाऊक नसतें.